३३ लाख नोड्सचा रँडम ग्राफ १६ जीबी रॅममध्ये: पद्धत कोणती, मेमरी किती, चुकतं कुठे?

अथर्व_इंदूर
नमस्कार मंडळी. इंदूर जिल्ह्याएवढ्या लोकसंख्येवर साथ कशी पसरते याचं सिम्युलेशन लिहायचं आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्हा सुमारे ३२.७७ लाखांचा, म्हणून ३३ लाख नोड्स (बिंदू, इथे एकेक माणूस) धरलेत. प्रत्येकाचे सरासरी १० संपर्क, म्हणजे १.६५ कोटी एजेस (दोन नोड्सना जोडणाऱ्या रेषा). पायथनमध्ये नेटवर्कएक्स या ग्राफ-लायब्ररीचं जीएनपी_रँडम_ग्राफ लावलं तर ते संपतच नाही. मशीन १६ जीबीचं, आठ कोअरचं. सी++ मध्ये जायलाच हवं का, की पद्धतच चुकतेय? शेवटी मला नोड्सच्या शेजाऱ्यांची यादी झटपट वाचता यायला हवी आणि तोच ग्राफ पुन्हा तयार करता यायला हवा.

रामबागकर
भाषा बदलू नका, पद्धत बदला. ३३ लाख नोड्सच्या जोड्या होतात एन × (एन − १) ÷ २ (एन म्हणजे नोड्सची संख्या), म्हणजे सुमारे ५.४४ लाख कोटी. जीएनपी_रँडम_ग्राफ यातल्या प्रत्येक जोडीसाठी, एज ठेवायची का याची, एक नाणेफेक करतं. सेकंदाला १० कोटी नाणेफेकी होतात असं धरलं, आणि सी++ मध्येच तेवढ्या होतील, तरी १५ तास लागतात. शुद्ध पायथनचा लूप सेकंदाला एक कोटी करतो असं उदारपणे धरलं तरी सहा दिवसांच्या वर जातं. आणि एवढं करून एक एज सापडायला सरासरी ३.३ लाख जोड्या नाकाराव्या लागतात.

उपाय असा की नकार मोजायचेच नाहीत. एका एजपासून पुढच्या एजपर्यंत किती जोड्या सुटतात, हा आकडा जिओमेट्रिक डिस्ट्रिब्यूशनमधून थेट काढता येतो. बाटागेल्य आणि ब्रान्डेस या संशोधकांनी २००५ साली ही पद्धत नीट मांडली. काम एन अधिक एम (एजेसची संख्या) एवढंच राहतं, म्हणजे जेवढ्या एजेस तेवढीच मेहनत. नेटवर्कएक्समध्येही ती फास्ट_जीएनपी_रँडम_ग्राफ या नावाने आहे, पण ते वापरू नका असंच सांगेन. कारण मेमरीचं आहे, ते पुढे येईलच.

नमपाय या पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीत कृती अशी:

सगळ्या जोड्या एका रांगेत आहेत असं समजा, क्रमांक शून्यापासून. जोडीतल्या मोठ्या नोडला आय आणि लहान नोडला जे म्हणा. ओळ आय मध्ये आयपेक्षा लहान असलेले सगळे जे येतात, त्यामुळे ओळ आय ची सुरुवात आय × (आय − १) ÷ २ या क्रमांकावर होते. आता डिफॉल्ट_आरएनजी चा जनरेटर घ्या आणि त्याच्या जिओमेट्रिक फंक्शनकडून पी (एक जोडी जोडली जाण्याची संभाव्यता) = १० ÷ (एन − १) साठी उड्या मागा. किती मागायच्या? एजेसची अपेक्षित संख्या १.६५ कोटी, तिचं प्रमाण विचलन तिच्या वर्गमुळाएवढं, म्हणजे ४०६२. सहा विचलनं जास्त धरून १.६५२५ कोटी उड्या मागितल्या की एकदाच पुरतात. मग क्युमसम (चालू बेरीज) करा आणि एक वजा करा, कारण नमपायचं जिओमेट्रिक १ पासून सुरू होतं. एकूण जोड्यांच्या पलीकडे गेलेले क्रमांक कापून टाका. शेवटचा क्रमांक पलीकडे गेलाच नसेल तर आणखी उड्या जोडा. ही तपासणी गाळू नका, नाहीतर शेवटच्या ओळींना एजेस कमी पडतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

उरलं क्रमांकावरून जोडी काढणं. आय = (१ + वर्गमूळ(१ + ८ × क्रमांक)) ÷ २ चा पूर्णांक भाग, आणि जे = क्रमांक − आय × (आय − १) ÷ २.

सिमरोल_सीएस
रामबागकर दादांच्या कृतीत तीन ठिकाणी आकडे घात करतात, ते लिहून ठेवतो.

पहिलं, ३२ बिटी पूर्णांक. आय × (आय − १) हा गुणाकार आय ४६,३४१ च्या पुढे गेला की ३२ बिटांत मावत नाही. अर्रेमध्ये नमपाय याबद्दल चकार शब्द काढत नाही, उलट ऋण संख्या हातात देतं. विंडोजवर नमपाय २.० च्या आधीच्या आवृत्त्यांत डिफॉल्ट पूर्णांक ३२ बिटीच होता, त्यामुळे तोच कोड लिनक्सवर बरोबर आणि विंडोजवर चूक असं दिसतं. अर्रे बनवताना डीटाइप इंट६४ (६४ बिटी पूर्णांक) स्पष्ट लिहा. नोड क्रमांक शेवटी साठवताना मात्र इंट३२ करा, ३३ लाख त्यात आरामात बसतात.

दुसरं, वर्गमूळ. ६४ बिटी फ्लोट २ चा ५३ वा घात एवढ्यापर्यंतचे पूर्णांक अचूक धरतो. तुमचा सगळ्यात मोठा ८ × क्रमांक सुमारे ४४ लाख कोटी, म्हणजे अजून पुष्कळ जागा आहे. नोड्स पावणेपाच कोटींच्या आसपास गेले की ही जागा संपते. तिथून पुढे आय काढल्यावर जे शून्याच्या खाली किंवा आयच्या वर तर गेला नाही ना हे पूर्णांकांत तपासून एक पाऊल मागे-पुढे करावं लागतं. खरं तर क्रमांक आधीच चढत्या क्रमाने आहेत, मग वर्गमूळ हवंच कशाला? नंबा (पायथनचा लूप वेगवान करणारी लायब्ररी) वापरत असाल तर आय आणि जे असे दोन मोजक ठेवा. प्रत्येक उडीला जे वाढवा, आणि जे आयएवढा किंवा मोठा आहे तोवर जे मधून आय वजा करून आय एकने वाढवत राहा. अख्ख्या ग्राफमध्ये ही वजाबाकी जास्तीत जास्त एन वेळा होते.

तिसरं, लॉग. स्वतः उडी काढणार असाल तर सूत्र आहे लॉग(१ − यू) ÷ लॉग(१ − पी) चा पूर्णांक भाग. यू हा रँडम आकडा शून्य धरून एकपेक्षा कमी असतो, म्हणून लॉग(१ − यू) घ्यायचा. लॉग(यू) घेतलात तर कधीतरी शून्य येतं आणि उडी अनंत होते. खालच्या लॉगसाठी लॉग१पी(−पी) वापरा, ते लॉग(१ − पी) जास्त अचूक काढतं. ६४ बिटांत या पीला फरक नगण्य, पण वेग हवा म्हणून कुणी ३२ बिटी फ्लोट वापरला तर बघा काय होतं: १ च्या लगेच खालच्या ३२ बिटी संख्यांमधलं अंतर सुमारे ५.९६ × १० चा उणे ८ वा घात. तुमचा पी या अंतराच्या ५०.८४ पट आहे, तो गोल होऊन ५१ पट होतो. फरक ०.३१ टक्के. ऐकायला किरकोळ, पण १.६५ कोटींवर सुमारे ५२ हजार एजेस जास्त, म्हणजे जवळजवळ १३ प्रमाण विचलनं.

अथर्व_इंदूर
दोघांनाही धन्यवाद. एक शंका: हे सगळं करण्यापेक्षा १.६५ कोटी वेळा दोन रँडम नोड्स निवडले आणि दुहेरी आलेल्या एजेस काढून टाकल्या तर? कोड चार ओळींत होतो.

मीनल_लोकमान्यनगर
होतो, आणि बरोबरही होऊ शकतो, पण तो वेगळा ग्राफ आहे हे आधी लक्षात घ्या. एजेसची संख्या पक्की ठरवलेला तो जी(एन, एम), एर्डोश-रेनी या गणितज्ञांच्या १९५९ च्या लेखातला. प्रत्येक जोडीला स्वतंत्र संभाव्यता असलेला तो जी(एन, पी), गिल्बर्टचा, त्याच वर्षीचा. ३३ लाखांवर दोघांत सरासरीने फरक दिसणार नाही, पण एजेसच्या संख्येतली ४०६२ ची हालचाल पहिल्यात नसते. ती हवी असेल तर आधी बायनोमियल डिस्ट्रिब्यूशनमधून एम काढा आणि मग तेवढ्या निवडा.

विरळ ग्राफमध्ये दुहेरी फार कमी येतात. अपेक्षित टकरी साधारण एम वर्ग भागिले दुप्पट जोड्या, म्हणजे सरासरी डिग्रीचा (डिग्री म्हणजे एका नोडच्या एजेसची संख्या) वर्ग भागिले ४. तुमच्याकडे १०० ÷ ४ = २५. एन कितीही वाढवा, २५ च. तेव्हा टकरींना घाबरायचं कारण नाही, घाबरायचं त्या काढण्याच्या पद्धतीला.

नेहमी दिसणारी चूक अशी: एक टक्का जास्त जोड्या घ्यायच्या, युनिक (दुहेरी काढून टाकणारं फंक्शन) लावायचं आणि पहिल्या एम ठेवायच्या. युनिक निकाल क्रमाने लावून देतं. त्यामुळे कापला जातो तो शेपटीचा भाग, आणि सगळा तोटा मोठ्या क्रमांकाच्या नोड्सना बसतो. त्रिकोणी क्रमांकनात एक टक्का एजेस कापल्या की शेवटच्या साधारण अर्धा टक्का ओळी पार रिकाम्या होतात. म्हणजे शेवटच्या १६ हजारांवर लोकांना कुणीच संपर्क नाही! बरोबर रीत: नेमक्या एम घ्या, युनिक करा, जेवढ्या कमी पडल्या तेवढ्याच नव्या घ्या, एकत्र करून पुन्हा युनिक. दोनदा, फार तर तीनदा फिरतं. आणि दोन नोड्स निवडण्यापेक्षा जोडीचा क्रमांकच निवडा, मग स्वतःशी जोडलेली एज येतच नाही.

जुनं रँडम.चॉइस, रिप्लेस फॉल्स करून, इथे लावू नका. ते आधी सगळ्या ५.४४ लाख कोटी क्रमांकांचा अर्रे मागतं. नव्या जनरेटरचं चॉइस तसं करत नाही.

रामबागकर
मीनलताईंनी शेपटीचा मुद्दा काढला ते फार बरं झालं. वेगासाठी केलेला बदल डिस्ट्रिब्यूशन मोडतो तो बहुतेक वेळा अशाच एका ओळीत.

आता मेमरी. नेटवर्कएक्समध्ये प्रत्येक एज दोन्ही टोकांच्या डिक्शनरीत जाते, शिवाय तिच्या गुणधर्मांची आणखी एक डिक्शनरी. रिकामी डिक्शनरीच ६४ बाइटची. एजमागे दोन-तीनशे बाइट सहज जातात, १.६५ कोटींना सव्वातीन ते पाच जीबी, वर ३३ लाख नोड्सच्या डिक्शनऱ्या. १६ जीबीत कदाचित मावेल, पण सिम्युलेशनला जागा उरणार नाही आणि प्रत्येक शेजारी वाचताना मेमरीत इकडेतिकडे भटकावं लागेल.

सीएसआर (ग्राफ सलग अर्रेंमध्ये साठवण्याची रीत) करा. सगळ्या शेजाऱ्यांची एक सलग यादी, ३.३ कोटी इंट३२, म्हणजे १३.२ कोटी बाइट. नोडची यादी कुठून सुरू होते ते सांगणारा दुसरा अर्रे, ३३ लाख इंट६४, २.६४ कोटी बाइट. सगळं मिळून १६० एमबीच्या आत. बनवायला बिनकाउंटने डिग्री मोजा, क्युमसमने सुरुवाती काढा, मग एजेस आपापल्या जागी टाका. साय-पाय लायब्ररीच्या सीओओ मॅट्रिक्सवर (म्हणजे एजेसच्या साध्या यादीवर) टूसीएसआर लावलं तरी चालतं; दोन गोष्टी सांभाळा. डेटाचा प्रकार इंट८ ठेवा, नाहीतर फ्लोट६४ मुळे नुसत्या एककांनीच २६.४ कोटी बाइट खाल्ले जातात. आणि टूसीएसआर दुहेरी एजेसची बेरीज करून टाकतं, त्रुटी दाखवत नाही. म्हणून डेटामध्ये १ पेक्षा मोठं काही आहे का ते एकदा बघा. असेल तर वरची कुठलीतरी पायरी चुकली आहे.

बडोद्याचा_प्रोग्रामर
मध्येच बोलतो. आठ कोअर आहेत तर वापरायचे कसे? प्रत्येक कोअरला सीड (रँडम जनरेटरचा सुरुवातीचा आकडा), सीड + १, सीड + २ असं करून चालेल का?

सिमरोल_सीएस
त्या मार्गाला लागू नका. जनरेटरनुसार शेजारच्या सीडचे प्रवाह एकमेकांशी संबंधित असण्याचा धोका असतो. नमपायमध्ये सीडसीक्वेन्स आहे, त्याच्या स्पॉन मधून हवी तेवढी स्वतंत्र सीड्स मिळतात.

तुकडे कसे पाडायचे हे जास्त महत्त्वाचं. जी(एन, पी) मध्ये जोड्यांची रांग कुठेही तोडता येते, कारण जिओमेट्रिक उडीला मागचं काही आठवत नाही. प्रत्येक तुकडा आपल्या सुरुवातीपासून नव्याने उड्या मारतो आणि निकाल तसाच राहतो. तुकडे मात्र कोअरच्या संख्येएवढे पाडू नका. २५६ पक्के ठरवा आणि हव्या तेवढ्या प्रोसेसना वाटा. मग आठ कोअरवर आणि चार कोअरवर तोच ग्राफ येतो. अथर्वला तोच ग्राफ पुन्हा हवा आहे, त्याला हीच शिस्त लागेल. नमपायची आवृत्तीही सीडसोबत लिहून ठेवा. आवृत्ती बदलली की जनरेटरचे आकडे तेच राहतील अशी हमी नाही.

जी(एन, एम) चे तुकडे पाडणं अवघड, कारण कुठल्या तुकड्यात किती एजेस हे हायपरजिओमेट्रिक डिस्ट्रिब्यूशनने वाटावं लागतं आणि नमपायचं ते फंक्शन १०० कोटींच्या वरचे गट घेत नाही. इथे जी(एन, पी) च बरा.

अथर्व_इंदूर
वरची कृती चालली. एजेस १.६५ कोटींच्या आसपासच आल्या. पण ग्राफ बरोबर आहे हे कसं ओळखायचं? आणि काही नोड्सना एकही शेजारी नाही, ही चूक आहे का?

मीनल_लोकमान्यनगर
चूक नाही, ते असायलाच हवेत. सरासरी डिग्री १० असताना एकटे नोड ई चा उणे १० वा घात या प्रमाणात येतात, म्हणजे ३३ लाखांत सुमारे १५०. तुमच्याकडे १२० ते १८० च्या दरम्यान असतील तर ठीक. शून्य असतील तर उलट शंका घ्या. सगळा ग्राफ एकसंध हवा असेल तर सरासरी डिग्री एनच्या नैसर्गिक लॉगच्या वर लागते, तुमच्यासाठी तो १५.०१. नेमक्या तेवढ्यावर एकसंध होण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के, त्यावर ५ जास्त म्हणजे २० केलीत तर ९९.३ टक्के.

आणखी तपासण्या. डिग्रीची सरासरी आणि व्हेरियन्स (प्रमाण विचलनाचा वर्ग) दोन्ही १० च्या अगदी जवळ हवेत. नोड क्रमांकाप्रमाणे दहा भाग करून प्रत्येकाची सरासरी डिग्री काढा. शेपटीची चूक इथे लगेच पकडली जाते. आणि माझी आवडती तपासणी त्रिकोणांची (तिघेही एकमेकांशी जोडलेले): अपेक्षित संख्या डिग्रीचा घन भागिले ६, म्हणजे १६७, विचलन १३. एन कितीही असो. जनरेटरमध्ये काही संबंध शिरला असेल तर डिग्री ठीक दिसते आणि त्रिकोण बिघडतात.

याच आकड्यापाशी तुमच्या मूळ प्रश्नाकडे यावंसं वाटतं. ३३ लाख माणसांत फक्त १६७ त्रिकोण! माझे दोन मित्र एकमेकांचेही मित्र आहेत असं पूर्ण जिल्ह्यात १६७ ठिकाणीच? साथीसाठी हा ग्राफ चालणार नाही. घर, गल्ली, वर्ग, ऑफिस हे काहीच त्यात नाही, आणि साथ अशा ग्राफवर खऱ्यापेक्षा वेगाने पसरते, कारण प्रत्येक नवा संपर्क जवळजवळ नेहमी नव्याच माणसाचा असतो.

रामबागकर
पटलं. दोन पर्याय, दोन्हींना वरचाच कोड उपयोगी.

एक, जागेवर आधारलेला. एकक चौरसात ३३ लाख बिंदू टाका, ठरावीक अंतराच्या आत असलेले जोडा. डिग्री १० साठी अंतर येतं १० ÷ (पाय × एन) चं वर्गमूळ, ०.०००९८२१. प्रत्येक बिंदू सगळ्यांशी तपासायचा नाही. चौरसाचे १०१८ × १०१८ खण पाडा, खणाची बाजू अंतराहून किंचित मोठी राहते. खणात सरासरी ३.२ बिंदू. आपला खण आणि पुढचे चार शेजारी खण बघितले की प्रत्येक जोडी नेमकी एकदाच तपासली जाते. बिंदू आधी खणाच्या क्रमाने लावून घ्या, मग मेमरीत भटकावं लागत नाही. यात त्रिकोण सुमारे ३.२ कोटी येतात, १६७ च्या जागी. कडेच्या बिंदूंना शेजारी कमी पडतात हे लक्षात असू द्या.

दुसरा मला इंदूरसाठी जास्त योग्य वाटतो. महापालिकेचे ८५ वॉर्ड आणि उरलेला जिल्हा हा ८६ वा गट. प्रत्येक गटाच्या आत एक पी, गटागटांत दुसरा. गटांच्या जोड्या ३७४१: त्यातले ८६ त्रिकोणी, ३६५५ आयताकृती. आयतात क्रमांकावरून जोडी काढणं तर आणखी सोपं, रुंदीने भागा, भागाकार ओळ आणि बाकी स्तंभ. प्रत्येक गट-जोडीला स्पॉन केलेलं स्वतःचं सीड. राजवाड्याच्या आसपासचा वॉर्ड विजयनगरशी किती जोडलेला, हे तुम्ही पीमधून ठरवू शकता. त्रिकोण तरीही फार वाढणार नाहीत, कारण वॉर्ड म्हणजे हजारो माणसं. म्हणून वर घरांचा थर द्या: चार-पाच जणांचे गट, आत सगळे एकमेकांशी जोडलेले.

बडोद्याचा_प्रोग्रामर
आणि डिग्री सगळ्यांची सारखी नको असेल तर? दुकानदार, बस कंडक्टर यांचे संपर्क शेकड्यांत असतात.

सिमरोल_सीएस
मग आधी डिग्रीची यादी, बेरीज सम असली पाहिजे, आणि मग कॉन्फिगरेशन मॉडेल: प्रत्येक नोड त्याच्या डिग्रीएवढ्या वेळा रिपीटने लिहा, अर्रे शफल करा, दोन-दोनच्या जोड्या पाडा. वेळ एजेसएवढाच.

घोळ होतो तो स्वतःशी जोडलेल्या आणि दुहेरी एजेसचा. ‘साधा ग्राफ येईपर्यंत पुन्हा करा’ हा सल्ला फार ठिकाणी दिसतो. सगळ्यांची डिग्री ३ असेल तर साधा ग्राफ येण्याची शक्यता १३.५ टक्के, ४ ला २.४ टक्के, १० ला एक अब्जांशाहूनही बरीच कमी. लूप संपणारच नाही. उलट डिग्री १० ला सदोष एजेस अपेक्षित किती? साधारण ४.५ स्वतःशी आणि २० दुहेरी, एनवर अवलंबून नाही. कोट्यवधींत पंचवीस, काढून टाकल्या तरी बिघडत नाही.

पण कंडक्टर-दुकानदारांसारखे मोठे नोड असतील तर दुहेरी एजेस नेमक्या त्यांच्यातच साचतात, आणि त्या काढल्या की ज्यांच्यासाठी हे मॉडेल घेतलं त्यांचीच डिग्री घटते. तिथे अदलाबदल करा: ए-बी आणि सी-डी या एजेसच्या ए-डी आणि सी-बी करायच्या, त्यातून स्वतःशी किंवा दुहेरी एज होत असेल तर तो डाव नाकारायचा. नाकारलेला डावही एक डाव म्हणून मोजा, नाहीतर काही ग्राफ जास्त वेळा निवडले जातात. एजेसच्या दहापट तरी डाव खेळा. ‘ही एज आहे का’ हे विचारायला सीएसआर कामाचा नाही, छोटा × एन + मोठा असा ६४ बिटी आकडा हॅश टेबलमध्ये ठेवा.

मीनल_लोकमान्यनगर
अथर्व, वेळ मोजताना एक सांभाळा. उड्यांच्या पद्धतीने एजेस ओळीच्या क्रमाने येतात, खणांच्या पद्धतीत तर शेजारी मेमरीतही शेजारीच असतात. त्यावर चालवलेलं सिम्युलेशन कॅशमुळे (प्रोसेसरजवळची झटपट मेमरी) वेगवान दिसतं. खऱ्या डेटात नोड्सचे क्रमांक असे लावलेले नसतात. वेळ नोंदवायचा असेल तर परम्युटेशनने नोड्सना नवे क्रमांक द्या, एजेसही शफल करा आणि दोन्ही वेळा लिहा. फाइल सेव्हटीएक्सटीने लिहू नका, ते फार हळू चालतं. सीएसआरचे दोन अर्रे सेव्हने बायनरीत ठेवा आणि परत उघडताना एममॅप_मोड आर द्या, म्हणजे आठही प्रोसेस तीच प्रत वाचतील.